काचेतील चुना

खिडकीच्या तावदानावर पावसाळाभर पाणी आपटत असते. पण तावदान विरघळत नाही. काचेच्या या टिकाऊपणाचे पुष्कळसे श्रेय एका साध्या पदार्थाला आहे. तो पदार्थ म्हणजे चुना.

काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे शुद्ध पांढरी वाळू. ती वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. वाळूत सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी तापमानात वितळते. परंतु केवळ वाळू व सोडा यांची काच पाण्यात विरघळते! तिला जलकाच म्हणतात. पुठ्ठे चिकटविण्यास ती उपयोगी पडते. पण तिची तावदाने कशी करावीत?

म्हणून मिश्रणात चुनखडी घालतात. भट्टीत चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व चुना काचेत सामावतो. चुन्यातील कॅल्शियम सोड्याला सहजासहजी पाण्यात निसटू देत नाही. नेहमीच्या काचेच्या शंभर भागांत सिलिका सुमारे ७२ भाग, तर चुना अवघा १० भागांच्या आसपास असतो. तो फार झाला, तर काचेत स्फटिक बनतात आणि ती धुरकट होते.

बाटल्या, बरण्या व तावदाने याच काचेची होतात. १९५९ साली इंग्लंडमधील पिल्किंग्टन कारखान्याने वितळलेल्या कथिलावर काचेचा रस पसरण्याची रीत जाहीर केली. तीमुळे घासल्यावाचूनच आरशासारखी सपाट काच मिळू लागली.

लोखंडाच्या झोतभट्टीतही चुना व सिलिका यांचा रस तयार होतो. तो पाण्याने झटकन थंड केला, की त्याचे काचमय कण होतात. हे कण दळून सिमेंटमध्ये मिसळतात. तेथे पाण्याशी संयोग पावून ते दगडासारखे कठीण बनतात.

१९६७ साली फ्लॉरिडा विद्यापीठातील प्राध्यापक लॅरी हेंच यांना बसच्या प्रवासात अमेरिकेच्या लष्करातील एक कर्नल भेटले. ते व्हिएतनामच्या युद्धभूमीवरून परतले होते. जखमी सैनिकांच्या शरीरात बसविलेले धातूचे वा प्लॅस्टिकचे तुकडे शरीर स्वीकारीत नसे. कित्येकांचे हातपाय कापावे लागत. शरीर आपले मानील असा पदार्थ करता येईल काय, असे त्यांनी विचारले. हाडात कॅल्शियम व फॉस्फरस असतात, हे हेंच जाणून होते. १९६९ साली त्यांनी ४५ भाग सिलिकेत २४.५ भाग चुना, तितकाच सोडा आणि ६ भाग फॉस्फरसचे ऑक्साइड घालून काच बनविली. ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविली. सहा आठवड्यांनंतर पाहिले, तो ती ओढूनही निघेना; हाडाशी ती एकजीव झाली होती. आज अशी काच हाडांच्या व दातांच्या उपचारांत वापरतात.

तावदानात जो चुना काचेला पाण्यापासून राखतो, तोच वाढत्या प्रमाणात काचेला हाडाशी जोडण्यास साहाय्य करतो.

स्वाध्याय

१. जलकाचेची तावदाने का करीत नाहीत?
२. काचेत चुना फार झाल्यास काय होते?
३. कर्नलच्या प्रश्नाचे उत्तर हेंच यांना कसे सापडले, ते आपल्या शब्दांत लिहा.