जाळीकामाची करवत : पहिला धडा

सुताराच्या रुंद करवतीने फळी सरळ कापता येते. वळण घेऊ म्हटले की पाते खाचेत अडते. जाळीकामाच्या करवतीचे पाते सुमारे ५ इंच लांब व अगदी बारीक असते, म्हणून त्याभोवती फळी जागच्या जागी वळविता येते. यंत्रावर हे पाते उभे राहून खालीवर धावते. त्याचे दात खालच्या दिशेस हवेत. उलट बसविल्यास फळी मेजावरून उचलून आदळते. पाते सैल राहिले, तर ते रेघ सोडून भरकटते. फळी ढकलण्याची घाई करू नये, आणि बोटे पात्याच्या समोर कधीही आणू नयेत.

आता ‘रायापूर’ हे आपल्या गावाचे नाव एका फळीतून कापावयाचे आहे, असे समजा. देवनागरीची शिरोरेषा सर्व अक्षरांना एकत्र धरून ठेवते, ही मोठीच सोय! परंतु ‘य’ व ‘प’ यांची पोटे चहूंकडून बंद. तेथे प्रथम गिरमिटाने भोक पाडावे (हुबळीकरांनी चुरमुऱ्यांचे गिरमिट डोळ्यांपुढे आणू नये), पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवावे व पुन्हा ताणून बसवावे. आतील पोटे आधी, बाहेरची कड शेवटी. कारण कड सुटली की हाताने धरावयास फळीच उरत नाही.

लाकडाच्या रेषा शिरोरेषेच्या दिशेने ठेवल्या, तर उभे दांडे कमजोर होतात. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्याने दोन्ही सांभाळले जातात. मी प्रथम साधी फळीच घेतली होती. त्या पाटीतील शेवटचा ‘र’ अद्याप लंगडा आहे.