चित्रकार शोधण्याआधी: स्वतंत्र गेमनिर्मात्यांसाठी अनुभवाचे बोल

मोठ्या कंपनीच्या किंवा प्रकाशकाच्या भांडवलाचा आधार न घेता दोन-चार जण स्वतःच्या वेळेतून आणि पैशातून जो व्हिडिओ गेम तयार करतात, त्याला स्वतंत्र किंवा इंडी गेम म्हटले जाते. अशा प्रकल्पाची सुरुवात पुष्कळदा प्रोग्रामरकडून होते आणि काम अडते ते चित्रांपाशी. कारण खेळाचे नियम, गुणांची व्यवस्था आणि शत्रूंच्या हालचाली एकट्याने लिहिता आल्या, तरी खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी रेखाटावीच लागते. मग चित्रकाराचा शोध सुरू होतो; मात्र आधी माणूस शोधला जातो आणि त्याच्याकडून नेमके काय हवे आहे, हे नंतर ठरवले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा क्रम उलटा असायला हवा: जो निर्माता आपला खेळ चित्रांवाचून खेळण्याजोगा करतो, कामाची मोजदाद करतो आणि मोबदला व हक्क कागदावर आणतो, त्यालाच चांगला चित्रकार मिळण्याची आणि तो शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता असते.

ज्या अनुभवातून हा निष्कर्ष निघाला, तो थोडक्यात नोंदवणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखक ज्या लहान गटात काम करत होता, त्या गटाकडे कथा आणि नकाशे तयार होते, पण हाती घेऊन खेळता येईल असे काहीही नव्हते. त्याच टप्प्यावर चित्रकारासाठी आवाहन करण्यात आले आणि मोबदला म्हणून भावी उत्पन्नातील वाटा देऊ करण्यात आला. एक गुणी तरुण चित्रकार उत्साहाने सामील झाला आणि त्याने नायकाची व पहिल्या परिसराची चित्रे काढली. परंतु खेळाचे नियम बदलत गेले तसतशी नायकाची उंची, दृश्याचा कोन आणि पडद्यावरील मांडणीही बदलत गेली आणि पूर्ण झालेली चित्रे पुन्हा पुन्हा बाद होत राहिली. पुढे त्याला पगाराची नोकरी मिळाली व तो बाजूला झाला, तेव्हा त्याची चित्रे वापरता येतील का, मूळ फाइली कोणी सांभाळायच्या आणि आतापर्यंतच्या कामाचे मोल कसे चुकते करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नव्हते. नव्या चित्रकाराची शैली जुन्या चित्रांशी जुळेना आणि प्रकल्प थांबला. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच हा अनुभव इतरांच्या उपयोगाचा आहे. कारण कामाची व्याप्ती ठरलेली नसेल, तर केवळ सद्भावनेवर प्रकल्प तरत नाही.

या पार्श्वभूमीवर पहिला विचार करायचा तो चित्रकाराची गरज खरोखर आहे का, याचा. माइक बिथेल यांच्या ‘थॉमस वॉज अलोन’ (2012) या खेळातील पात्रे म्हणजे निव्वळ रंगीत आयत आहेत आणि त्यांना व्यक्तिमत्त्व लाभले आहे ते निवेदनामुळे व प्रत्येकाच्या उडी मारण्याच्या वेगळ्या क्षमतेमुळे. दुसऱ्या टोकाला ‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) हा खेळ आहे, ज्यासाठी एरिक बॅरोन यांनी प्रोग्रामिंग, चित्रे आणि संगीत हे सारे एकट्याने सुमारे साडेचार वर्षे राबून केले. या दोन उदाहरणांवरून दिसते, की साधी शैली निवडणे किंवा स्वतः शिकणे हेही खरे पर्याय आहेत. आणि जो निर्माता हे पर्याय तपासून मगच चित्रकाराकडे वळतो, त्याला आपल्या खेळात चित्रांनी नेमके कोणते काम करायचे आहे, हे अधिक स्पष्टपणे सांगता येते.

गरज पक्की झाल्यावरही आवाहनाआधी प्रोटोटाइप तयार असला पाहिजे. प्रोटोटाइप म्हणजे ज्यात मुख्य खेळ पूर्णपणे खेळता येतो, पण चित्रांच्या जागी चौकोन, वर्तुळे किंवा तात्पुरत्या आकृत्या असतात, असा कच्चा नमुना. जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ (2008) या खेळाची वाटचाल या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. काळ मागे फिरवण्याच्या कल्पनेवर उभारलेल्या या खेळाला 2006 साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये रचनेतील नावीन्यासाठी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील चित्रे तात्पुरतीच होती. आज ज्या रंगचित्रांसाठी तो ओळखला जातो, ती काढणारे डेव्हिड हेलमन हे वेबकॉमिकचे चित्रकार त्यानंतर प्रकल्पात आले. खेळाचा सांगाडा स्थिर असल्यामुळे तयार पातळ्यांच्या पडद्यांवर रंगकाम करून पाहणे आणि त्यातून शैली घडवत जाणे त्यांना शक्य झाले. चित्रकाराच्या दृष्टीने प्रोटोटाइपचे महत्त्व असे, की समोरचा माणूस काम तडीस नेऊ शकतो याचा तो एकमेव विश्वासार्ह पुरावा असतो.

त्यानंतरची पायरी मोजदादीची आहे. ‘एक नायक हवा आहे’ हे वाक्य सांगणाऱ्याला लहान वाटते, परंतु द्विमितीय खेळात नायक म्हणजे स्प्राइटांचा, अर्थात हालचालीतील एकेक क्षण दाखवणाऱ्या चित्रांचा, संच असतो. चालण्यासाठी 8, उभे राहण्यासाठी 4, वार करण्यासाठी 6 आणि मार खाण्यासाठी 2 अशी चित्रे धरली, तर एका दिशेला 20 आणि चार दिशांना 80 चित्रे होतात. उजवीकडचे चित्र उलटवून डावीकडे वापरले, तरी ती 60 भरतात. याच प्रकारचे पाच शत्रू वाढवले, तर आणखी 300 चित्रांची भर पडते. अशी यादी केल्याने चित्रकाराला कामाचा खरा आकार कळतो आणि निर्मात्यालाही काटछाट कुठे करावी हे उमगते. शिवाय ‘चित्रकार’ या एका नावाखाली अनेक व्यवसाय येतात, हेही यादीमुळे लक्षात येते: कन्सेप्ट आर्टिस्ट पात्रांची व परिसराची आरंभीची कल्पनाचित्रे काढतो, पिक्सेल आर्टिस्ट ठिपक्याठिपक्याने आकृती घडवतो, रिगिंग करणारा त्रिमितीय आकृतीला हलवता येईल असा सांगाडा जोडतो, तर यूआय डिझायनर बटणे, मेनू आणि सूचना रचतो. उत्तम व्यक्तिचित्रे काढणाऱ्याकडून या साऱ्या कामांची अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्यायकारक आणि प्रकल्पाला घातक ठरते.

शोध कुठे घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर यानंतर तुलनेने सोपे होते. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आयआयटी मुंबईतील आयडीसी, पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय आणि गोवा कला महाविद्यालय अशा संस्थांतील विद्यार्थी व माजी विद्यार्थी, तसेच आर्टस्टेशन, बिहान्स यांसारखी कामाचे नमुने मांडण्याची संकेतस्थळे, ही उघड ठिकाणे आहेत. त्यांहून उपयुक्त ठरतो तो गेम जॅम, म्हणजे ठरावीक विषयावर दोन-तीन दिवसांत छोटा खेळ तयार करण्याचा उपक्रम. 2009 पासून भरणारा ग्लोबल गेम जॅम हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिथे मुदतीच्या ताणाखाली कोण कसे वागते, हे दोन्ही बाजूंना पाहता येते. निवड करताना सर्वांत देखणे चित्र पाहण्यापेक्षा पूर्णत्वास गेलेली कामे पाहावीत आणि अंतिम निर्णयाआधी एक लहान चाचणीकाम द्यावे, मात्र त्याचे पैसे द्यावेत. कारण फुकट चाचणी मागणाऱ्याला अनुभवी चित्रकार टाळतात आणि ते योग्यच आहे.

काही प्रकल्पांत चित्रकाराचा सहभाग इतका मूलभूत असतो, की त्याला संस्थापक म्हणूनच सामावून घेणे इष्ट ठरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (2020) या खेळाचे दृश्यरूप पहाडी लघुचित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकला यांवर आधारलेले आहे आणि त्याच्या कलादिग्दर्शक श्रुती घोष या कंपनीच्या सहसंस्थापकही आहेत. 2017 साली किकस्टार्टरवरील निधीसंकलन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही, तरी खेळ पूर्ण झाला. जिथे चित्रशैली हाच खेळाचा आत्मा असतो, तिथे कलाकाराला निर्णयात स्थान हवे, ही बाब या उदाहरणातून अधोरेखित होते.

मोबदल्याचे मार्ग मुख्यतः तीन: ठरलेली रक्कम, उत्पन्नातील वाटा, किंवा कमी रक्कम अधिक वाटा. केवळ वाट्याचे आश्वासन देण्याआधी हिशेब मांडून दाखवावा. 400 रुपयांच्या खेळाच्या 1,000 प्रती विकल्या गेल्या, तर 4 लाख रुपये जमतात. स्टीमसारख्या विक्रीमंचाचा 30 टक्के हिस्सा वजा जाता 2 लाख 80 हजार उरतात आणि तिघांत समान वाटणी केल्यास प्रत्येकाला सुमारे 93 हजार मिळतात. काम दीड वर्ष चालले असेल, तर ही रक्कम महिन्याला सुमारे 5,200 रुपये पडते, आणि त्यात कर, सवलती व परत आलेल्या प्रती अजून धरलेल्या नाहीत. हा हिशेब पाहूनही जो चित्रकार सामील होतो, त्याची निवड डोळस असते. ज्याला रोख पैसे देणे शक्य नाही, त्याने आपला खेळ इतका लहान करावा, की चित्रकाराचे काम काही आठवड्यांत संपेल.

हक्कांची बाजू सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार सामान्यतः कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला मालक असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम आणि मोबदला देऊन काढून घेतलेले चित्र यांसाठी अपवाद आहेत, पण केवळ भावी वाट्याच्या बोलीवर काढलेल्या चित्रांना तो अपवाद लागू होईलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. कलम 19 नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो संपुष्टात येतो, आणि स्वतंत्र खेळांना प्रकाशनापर्यंत वर्षाहून अधिक काळ सहज लागत असल्याने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. दुसरीकडे, कलम 57 मुळे आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार हस्तांतरणानंतरही कायम राहतो. म्हणून करारात कामाची यादी, हप्ते, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, मूळ फाइलींचा ताबा, श्रेयनामावलीतील उल्लेख आणि मध्येच वेगळे व्हावे लागल्यास झालेल्या कामाचे काय करायचे, हे सारे असावे.

काम सुरू झाल्यावर शैलीपुस्तिका, म्हणजे रंग, रेषा, प्रमाण आणि आकार यांचे नियम नोंदवणारा दस्तऐवज, पहिल्या काही चित्रांसोबतच तयार करावा, जेणेकरून पुढे दुसरा हात लागला तरी दृश्याची एकसंधता टिकेल. अभिप्राय देताना ‘काहीतरी कमी वाटते’ असे न म्हणता, शत्रू पार्श्वभूमीत मिसळतो आहे किंवा धोक्याची जागा चटकन दिसत नाही, असे खेळाच्या अंगाने बोलावे. यंत्रनिर्मित चित्रांविषयीचे धोरणही आरंभीच ठरवावे. स्टीमने जानेवारी 2024 पासून अशा आशयाची माहिती उघड करणे बंधनकारक केले आहे आणि अनेक चित्रकारांसाठी हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

स्वतंत्र गेमनिर्मितीत पैसा कमी असतो आणि उत्साह भरपूर असतो. त्यामुळे उत्साहालाच मोबदला समजण्याची चूक सहज घडते. चित्रकाराचा वेळ हे त्याचे उपजीविकेचे साधन आहे, ही जाणीव ठेवून जो निर्माता आपल्या वाट्याचे काम आधी पूर्ण करतो, मागणी मर्यादित ठेवतो आणि शब्द कागदावर उतरवतो, त्याचा एखादा प्रकल्प अपुरा राहिला तरी त्याच्याशी पुन्हा काम करायला चित्रकार तयार असतात. आणि लहान गटांच्या या क्षेत्रात पुढचा खेळ बहुधा अशा टिकलेल्या संबंधांतूनच उभा राहतो.