कठीण लाकूड आणि नवी साखळी-करवत

कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले रेवदंडा हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या वाड्यांच्या कडेला आंबा, फणस, चिंच, जांभूळ असे जुने वृक्ष, तर किनाऱ्यालगत सुरूची झाडे उभी असतात. दिनांक 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यातील बागायतीची अपरिमित हानी केली. रस्ते, विहिरी व घरे यांवर झाडे आडवी झाली. पुढे मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचाही तडाखा या किनाऱ्यास बसला.

अशा वेळी कोयता, कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची मोठी करवत ही साधने अपुरी पडतात. वीजपुरवठा खंडित असल्याने विजेवर चालणारी हत्यारेही निरुपयोगी ठरतात. म्हणून पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला गावोगाव ‘कटर’ म्हणतात, ती आता अनेक बागायतदारांकडे आली आहे. हे यंत्र उपयुक्त खरे. परंतु कठीण लाकडाशी त्याची पहिली गाठ पडते तेव्हा नवशिक्याची अपेक्षा व प्रत्यक्ष अनुभव यांत बरेच अंतर पडते. ते का पडते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार येथे केला आहे.

पहिल्या दिवसाचा अनुभव

नवे यंत्र हाती घेणाऱ्याचा पहिला दिवस बहुधा पुढीलप्रमाणे जातो. नारळाच्या झावळ्या व आंब्याच्या फांद्या झपाट्याने तुटतात आणि उत्साह वाढतो. नंतर चिंचेचा किंवा सुरूचा बुंधा हाती घेतला जातो. साल व बाहेरचे पांढरे लाकूड सहज कापले जाते. मात्र आतील गडद गाभा लागताच यंत्राचा वेग मंदावतो. जाडसर तुकड्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो, चिरेतून धूर निघतो आणि काप एका बाजूस वळतो. यंत्र कमजोर निघाले, असा समज होऊन चालविणारा अंगाचा भार देऊन ते खाली दाबू लागतो. येथेच चूक होते.

वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो भरते, तर सुरूचे सुमारे 900 किलो. म्हणजे तेवढ्याच जागेत सुरूमध्ये कितीतरी अधिक लाकूड दाटलेले असते. त्यास कापण्याचे काम अंगाच्या जोराने होत नाही, ते साखळीच्या धारेनेच व्हावे लागते. पिठासारखा भुसा हे साखळी बोथट झाल्याचे लक्षण होय. अशा वेळी दाब वाढविल्यास बार तापतो, साखळी ताणली जाते, इंजिनावर भार पडतो आणि चालविणारा थकतो. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात लवकर होतो.

साखळीचा दात कसा कापतो?

आंब्याच्या खोडात शिरून भुसा बाहेर टाकणारी भिरूड ही कीड बागायतदारांच्या परिचयाची आहे. अशाच एका लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे निरीक्षण करून अमेरिकेतील ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने 1947 साली नव्या पद्धतीची साखळी तयार केली. ती अळी आपले जबडे आळीपाळीने डावीउजवीकडे चालवून कठीण लाकूडही पोखरते. त्याचप्रमाणे या साखळीवर एक दात डावा व एक उजवा असतो. प्रत्येक दात रंध्याप्रमाणे लाकडाचा पातळ तुकडा उचलतो. आजच्या बहुतेक साखळ्या याच तत्त्वावर चालतात.

प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने किती खोल शिरावे हे तो ठरवितो. दाताच्या टोकापेक्षा हा उंचवटा साधारणपणे अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली असावा लागतो. दातास वारंवार धार लावल्याने दाताची उंची कमी होते. म्हणून मधूनमधून मापपट्टी लावून उंचवटाही सपाट कानशीने घासावा. तो वाजवीपेक्षा अधिक घासल्यास दात लाकडात अडकतो आणि यंत्र झटके देते. कठीण लाकडात हे विशेष धोक्याचे आहे.

धार लावण्याची रीत

1. साखळीच्या मापाप्रमाणे गोल कानस घ्यावी. या कानशी 4.0, 4.8 व 5.2 मिलिमीटर व्यासाच्या मिळतात. कोणती घ्यावी हे साखळीच्या वेष्टनावर किंवा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते.

2. कानस दाताच्या आतील बाजूकडून बाहेर, एकाच दिशेने चालवावी. मागे ओढताना ती उचलावी. बहुतेक साखळ्यांच्या दातांवर कोनाची रेघ कोरलेली असते, ती पाळावी.

3. सर्व दातांना सारखेच हात द्यावेत. एका बाजूचे दात लहान राहिल्यास काप वाकडा जातो.

4. कठीण लाकूड कापताना प्रत्येक वेळी पेट्रोल भरते वेळीच दोनतीन हात धार लावून घ्यावी. पूर्ण बोथट होईपर्यंत वाट पाहू नये.

रेवदंड्यासारख्या किनाऱ्यावरील गावात धारेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वाळू. फिरती साखळी वाळूस क्षणभर लागली तरी धार जाते. म्हणून कापण्याच्या जागेवरील माती व साल कोयत्याने साफ करावी. बुंध्याखाली लहान ओंडके सरकवून तो जमिनीपासून उचलावा. तसे शक्य नसल्यास वरून बराचसा काप घेऊन पहारीने बुंधा उलटवावा आणि उरलेला काप पुन्हा वरून घ्यावा. वाडीतील जुन्या झाडांत खिळे व तारा रुतलेल्या असतात, त्याही आधी पाहाव्यात.

साखळीचा ताण व तेल

नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते. यंत्र बंद करून, हातमोजा घालून ती बारच्या मध्यावर ओढून पाहावी. ती हाताने सहज फिरावी, परंतु खाली लोंबू नये. तापलेली साखळी घट्ट केली असल्यास काम संपताच पुन्हा सैल करावी. कारण थंड झाल्यावर ती आखडते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे तेल आणि बारवर पडणारे तेल ही दोन वेगळी आहेत, हे विसरू नये. मिश्रण पुस्तिकेप्रमाणे करावे. 50 भागांस 1 भाग असे प्रमाण दिले असल्यास एका लिटरला 20 मिलिलिटर तेल होते. लांब बार म्हणजे अधिक शक्ती नव्हे. लहान इंजिनावर लांब बार लावल्यास कठीण गाभ्यात साखळी थांबते.

पडलेल्या झाडातील ताण ओळखावा

उभ्या झाडापेक्षा वादळाने पडलेले झाड अधिक फसवे असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या बुंध्याचा वरचा भाग दबलेला व खालचा ताणलेला असतो. तेथे प्रथम वरून एक तृतीयांश काप घेऊन नंतर खालून कापावे. एकच टोक टेकलेले व दुसरे अधांतरी असल्यास उलट करावे. प्रथम खालून एक तृतीयांश, नंतर वरून. काप मिटू लागल्यास लाकडी पाचर ठोकावी. लोखंडी पाचर साखळीस लागल्यास दोघांचीही हानी होते.

मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा तोडताच मुळांचा गड्डा एकदम मागे खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात किंवा त्याच्या आसपास कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागल्यास यंत्र क्षणार्धात चालविणाऱ्याकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांची पकड सोडू नये आणि खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये. शिडीवर चढून हे यंत्र चालविणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. शिरस्त्राण, चष्मा, कानांचे संरक्षक, पायांचे संरक्षक कवच व भक्कम बूट वापरावेत. लुंगी, धोतर किंवा खांद्यावर उपरणे घेऊन काम करू नये. झाडाखाली विजेची तार असल्यास वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडास हात लावू नये. एकट्याने काम कधीही करू नये.

काय तोडावे, काय राखावे?

पडलेले नारळ-पोफळीचे खोड वाडीत कुजू दिल्यास गेंड्या भुंग्याची पैदास वाढते. म्हणून ते लवकर तोडून दूर करावे. फणस, साग अशा उपयुक्त लाकडाचे मात्र घाईने तुकडे करू नयेत. सुताराला लागणाऱ्या लांबीचे ओंडके ठेवावेत आणि फळ्या गिरणीतच काढाव्यात. साखळी-करवतीच्या प्रत्येक कापात सुमारे 8 मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. तसेच आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग इत्यादी वृक्षांस महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. उभे झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी व पडलेल्या झाडाचे लाकूड हलविण्यापूर्वी वन कार्यालयात चौकशी करावी.

काही मुळे जमिनीत टिकून असलेले कललेले आंब्याचे झाड फांद्या छाटून, हळूहळू उभे करून, मुळांवर माती घालून व आधार देऊन पुन्हा पालवू शकते. उंच जातीच्या नारळास फळ धरण्यास सहासात वर्षे लागतात; जुन्या आंब्याची सावली तर एका पिढीत परत मिळत नाही. यंत्राने पाच मिनिटांत काम होते म्हणून निर्णयही पाच मिनिटांत घेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी यंत्रधारकांना एकत्र आणून धार लावण्याचे व ताण ओळखण्याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. वादळ आल्यानंतर शिकण्यास वेळ मिळत नाही. जो बागायतदार भुसा पाहून साखळीची अवस्था ओळखतो आणि बुंधा पाहून त्यातील ताण ओळखतो, त्याच्याच हाती ही करवत उपयोगी पडते.