सोनं खरं, पण आलं कुठून?

झरीसारख्या गावात सोनं हा नुसता दागिना नसतो. कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की परभणीच्या सराफ्यात जाऊन चार-पाच ग्रॅमचं काहीतरी घ्यायचं, आणि पाऊस रुसला की तेच गहाण टाकून बी-बियाणं आणायचं, हे आमच्या भागातलं घरोघरचं गणित. म्हणजे सोनं ही आपली घरातली बँकच! म्हणून दागिना घेताना पहिला प्रश्न असतो, सोनं खरं आहे ना? पण दुसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही: हे आलं कुठून आणि कोणाच्या हातून? जगभर ‘रिस्पॉन्सिबल सोर्सिंग’ आणि ‘सप्लायर ऑडिट’ या भारदस्त नावांखाली ज्याची चर्चा चालते, तो हाच साधा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न : शुद्धता

२२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, हजारात ९१६. १८ कॅरेट म्हणजे ७५०. दहा ग्रॅमचा दागिना २२ कॅरेटचा म्हणून घेतला आणि निघाला १८ चा, तर शुद्ध सोन्यात १.६६ ग्रॅमचा फटका बसतो. आणि तो कळतो कधी? दागिना मोडताना, म्हणजे नेमका घरात अडचण असताना.

यावर उपाय म्हणून बीआयएसने २००० साली सोन्यासाठी हॉलमार्क आणला. जून २०२१ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. आता दागिन्यावर तीन खुणा असतात : बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की दागिन्याची माहिती समोर येते.

यामागची ‘फायर असे’ ही चाचणी केमिस्ट्रीवाल्यांना आवडेल. नमुन्याचा छोटा तुकडा वजन करून, त्यात चांदी मिसळून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत सच्छिद्र कपात ठेवतात. शिसं तांब्यासारख्या हलक्या धातूंना सोबत घेऊन कपात मुरतं. उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळते. शेवटी राहतं ते फक्त सोनं, त्याचं वजन करायचं. अक्षरशः अग्निपरीक्षा!

दुसरा प्रश्न : वाट

पण ही परीक्षा फक्त वस्तूची झाली. मित्र-मैत्रिणींनो, आपल्या मेसचं उदाहरण घ्या. डाळ चाखली की मीठ कमी की जास्त ते कळतं. पण डाळ कुठून आणली, भांडी कशी घासली, कामाच्या पोराला पगार मिळाला का, हे चाखून कळत नाही. त्यासाठी मेस कमिटीला स्वयंपाकघरात शिरावं लागतं. चाखणं म्हणजे इन्स्पेक्शन, आत शिरणं म्हणजे ऑडिट.

सोन्याच्या बाबतीत आत शिरणं का गरजेचं? कारण जगात अनेक ठिकाणी छोट्या खाणींत पारा वापरून सोनं वेगळं करतात. तो पारा उडतो, नदीत जातो, खाणकामगाराच्या शरीरात जातो. पाऱ्याविरुद्धचा मिनामाटा करार २०१३ साली झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला, त्यात या खाणींचा वेगळा विचार आहे. काँगोसारख्या देशात सोन्याच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. हिऱ्यांसाठी २००३ पासून किंबर्ली प्रोसेस आहे, पण ती कच्च्या हिऱ्यांपुरती आणि बंडखोरांच्या युद्धखर्चापुरतीच. कारागिराची मजुरी किंवा बालमजुरी तिच्या कक्षेत येत नाही. ही उणीव भरायला २००५ मध्ये रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल निघाली. तिच्या सभासदांना बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते.

आपली माणसं आणि गलाई

भारतात सोनं फार थोडं निघतं. कर्नाटकातली रायचूर जिल्ह्यातली हट्टी ही मुख्य खाण. बाकी सोनं आयातीचं किंवा मोडीचं. आणि खाणीतलं असो की आजीच्या पाटल्यांचं, सोनं एकदा वितळलं की त्याची ओळख पुसली जाते. स्टीलच्या बिलेटवर हीट नंबर टाकता येतो, पण चार घरची मोड एका मुशीत गेल्यावर नंबर कोणावर टाकणार? म्हणूनच ‘ओईसीडी’ संघटनेच्या मार्गदर्शक पद्धतीत शुद्धीकरणाच्या टप्प्यावर, म्हणजे रिफायनरीत, स्वतंत्र ऑडिट सांगितलं आहे. सगळ्या वाटा त्या एका दारातून जातात.

आता गंमत बघा, आपल्याकडे या दारावर मराठी माणूस उभा आहे! सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. जुनं सोनं वितळवून, ॲसिडनं तांबं-चांदी वेगळी करून शुद्ध सोनं परत द्यायचं, हे त्यांचं कसब. पण त्या कामात निघणारा तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तो फुफ्फुसं जाळतो. छोट्या खोलीत धुराडं, स्क्रबर नसेल तर शुद्ध सोन्याची किंमत कारागीर श्वासानं मोजतो.

‘केडीएम’ची गोष्टही तशीच. सांधे जोडायला कॅडमियम वापरलं की दागिन्याची शुद्धता जास्त राहायची, म्हणून सराफ ते नाव मिरवायचे. पण कॅडमियमचा धूर कारागिरासाठी विषारी. बीआयएसच्या नियमांनी त्याला बंदी घातली. वस्तू पास, माणूस नापास, असा तो प्रकार होता.

ऑडिटलाही मर्यादा

मेस कमिटी येणार हे आधी कळलं तर त्या दिवशी स्वयंपाकघर चकाचक असतं! तसंच ऑडिटचं. मोठा कारखाना नीटनेटका दिसतो, पण काम आतून घरगुती कारागिरांकडे गेलेलं असेल तर तपासणी तिथवर पोचतच नाही. शिवाय ऑडिटचा खर्च गलाईवाल्याला परवडत नाही. फक्त कागद मागितले तर मोठे टिकतील आणि छोटे बाहेर फेकले जातील. चांगलं ऑडिट म्हणजे चूक पकडून पुरवठादाराला तोडणं नव्हे, तर मुदत देऊन सुधारायला लावणं.

इथेच आपलं काम सुरू होतं. केमिकलवाल्यांनी स्वस्त स्क्रबर करावा, कॉम्प्युटरवाल्यांनी मोडीचा हिशेब ठेवणारं साधं सॉफ्टवेअर लिहावं, प्रॉडक्शनवाल्यांनी ऑडिट शिकावं. आणि आपण सगळ्यांनी? पुढच्या वेळी घरच्यांसोबत सराफाकडे गेलो की एचयूआयडी तपासून, पक्की पावती घेऊन हळूच विचारावं, “काका, हे घडवलं कुठं? गलाई कोणाकडची?” उत्तर लगेच मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकराव्यासाठी सराफ उत्तर शोधून ठेवेल.