कारवानी कुत्र्याच्या बरगड्या का दिसतात?

प्रश्न : लातूरकडच्या आमच्या गावी मेंढरांच्या वाड्याशी उंच, लांबट तोंडाची, बरगड्या मोजता येतील अशी कुत्री दिसतात. गावकरी त्यांना ‘कारवानी’ म्हणतात. एक नातेवाईक मात्र म्हणाले, की ही ‘मुधोळ’ जात आहे. खरे नाव कोणते? आणि ही कुत्री इतकी हाडकुळी का? त्यांना पोटभर खायला मिळत नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न त्या मुक्या जनावराच्या काळजीतून आला आहे, म्हणून तोच आधी घेऊ. नीट पोसलेल्या, निरोगी कारवानी कुत्र्याच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. शंका आली तर त्याच्या मांड्या पाहा. त्या भरलेल्या आणि घट्ट असतील, अंगावर तकाकी असेल, तर कुत्रा ठणठणीत आहे. मांड्यांचे मांस झडले असेल आणि केस राठ, निस्तेज झाले असतील, तर मात्र उपासमार किंवा जंत यांचा संशय घ्यावा.

ही ठेवण त्याच्या कामामुळे घडली आहे. शिकारी कुत्र्यांत काही नाकाने माग काढतात, तर काही नजरेने सावज हेरून धावून गाठतात. कारवानी दुसऱ्या प्रकारातला. दख्खनच्या उघड्या माळावर झुडपातून ससा उठला, की वास घेत बसायला वेळ नसतो. तिथे डोळे आणि पाय कामाला येतात.

त्याचे अंग नीट न्याहाळा. डोके लांब व अरुंद, डोळे बाजूंकडे झुकलेले, म्हणून मान न वळवता बराच मुलूख नजरेत राहतो. छाती खोल, हृदयाला आणि फुप्फुसांना भरपूर जागा देणारी. पोट वर ओढलेले, कंबर लवचीक. भरधाव पळताना पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. ससा एकाएकी दिशा बदलतो, तेव्हा लांब शेपूट वळणावर तोल सांभाळते. अशा धावेत चरबी म्हणजे निव्वळ ओझे. म्हणूनच खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंच असलेला कारवानी नर २५ किलोंच्या आसपास भरतो. त्याच्याहून ठेंगणा जर्मन शेफर्ड ३० ते ४० किलोंचा असतो.

आता नावाचे. तुमचे गावकरी आणि नातेवाईक, दोघेही बरोबर आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला ‘कॅराव्हान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आशिया आणि अरबस्तानातून आलेल्या तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनेत पोचले, असे मानले जाते. तिकडच्या सालुकी आणि ताझी कुत्र्यांशी असलेले साम्य पाहिले की ते पटते. आपल्याकडे कान, शेपूट आणि पायांवर लांब, मऊ केस असलेल्या कुत्र्याला ‘पश्मी’ म्हणतात. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर.

मुधोळ हे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या काठी आहे. पूर्वी ते घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. आसपासच्या बेडर लोकांकडे असलेली ही चपळ कुत्री राजे मालोजीराव घोरपडे यांच्या नजरेत भरली. त्यांनी निवडक कुत्री जमवून वंश जोपासला. इंग्लंडच्या भेटीत त्यांनी बादशहा पाचव्या जॉर्जला एक जोडी नजर केली आणि तेव्हापासून मुधोळचे नाव या कुत्र्याला चिकटले, असे सांगतात.

अलीकडे या जातीला पुन्हा मान मिळू लागला आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. पण राजाने नाव दिले आणि तिकिटाने प्रसिद्धी दिली, तरी पिढ्यान्‌पिढ्या हा वंश सांभाळला तो आपल्या भाकरीतली अर्धी त्याला घालणाऱ्या धनगर, बेडर आणि शेतकरी घरांनी. कोणत्या कुत्रीची पिल्ले कोणत्या नरापासून घ्यायची, ही पारख त्यांचीच.

हा कुत्रा पाळायचा विचार मनात आला असेल तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याच्याकडून ससा धरवणे हाही गुन्हा आहे. दुसरे, शिकार थांबली तरी त्याची धावायची ओढ थांबलेली नाही. दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधून तो सुखी होत नाही. त्याला रोज कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत पळू द्यावे, कारण सावज दिसले की हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, घरच्यांवर मात्र जीव टाकतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना त्याची जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या चरबी कमी असलेल्या कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल फार वेळ टिकतो.

आणि दया येऊन त्याला खाऊ घालून गुबगुबीत मात्र करू नका. माळावर धावून धावून हे अंग घडले आहे. ही जात टिकवायची, तर आधी तिची धाव टिकवायला हवी.