मजूर पक्षाच्या रिकाम्या जागा

युरोपीय संसदेत सभासद देशवार बसत नाहीत. समविचारी पक्षांचे गट करून बसतात. त्यामुळे एकाच देशाचे दोन सभासद तेथे परस्परांविरुद्ध मत देताना दिसतात.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय समूहात सामील झाले. संसदेतील ३६ जागा त्याच्या वाट्यास आल्या. परंतु प्रवेशाच्या अटी मान्य नसल्याने मजूर पक्षाने आपल्या जागा रिकाम्या ठेवल्या. बहिष्काराचे हे शस्त्र आपणांस, १९२० ची कायदेमंडळे आठवली म्हणजे, अपरिचित वाटत नाही. मात्र अडीच वर्षे ब्रिटिश कामगारांचा हा पक्ष तेथील मतदानास मुकला. जून १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मते समूहात राहण्याच्या बाजूने पडली, तेव्हा जुलैत पक्षाने १८ सभासद धाडले.

१९७९ च्या पहिल्या प्रत्यक्ष निवडणुकीत ब्रिटनच्या ८१ जागांपैकी १७ मजूर पक्षास मिळाल्या. त्यांच्या नेत्या झाल्या बार्बारा कॅसल. सार्वमतात याच बाईंनी समूहातून बाहेर पडण्याचा हिरिरीने प्रचार केला होता! तरीही निवडून आल्यावर त्या दहा वर्षे तेथे बसल्या, बोलल्या. आम्हांस त्यांचे हे बसणे त्या रिकाम्या जागांहून मोलाचे वाटते.

२०१९ मध्ये पक्षाचे १० सभासद निवडून आले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि त्या जागाही सुटल्या.