लांब लोंबी म्हणजे जास्त भात नव्हे

भाताचा व्यापार करणारे व गिरणी चालविणारे आपले अनेक बांधव कापणीपूर्वी शेतात जाऊन उभ्या पिकाचा अंदाज घेतात व त्यावर उचल देतात. अंदाज चुकला की पैसा अडकतो आणि संबंधही बिघडतात. म्हणून भाताच्या नव्या जाती तयार करणारे संशोधक उत्पन्नाचा हिशेब कसा करतात, हे आपण समजून घेऊ या.

उत्पन्न हा चार गोष्टींचा गुणाकार आहे : एका चौरस मीटरमधील लोंब्या, प्रत्येक लोंबीतील दाणे, त्यांपैकी भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन. समजा, लोंब्या ३००, लोंबीत दाणे १००, भरलेले शेकडा ८० आणि हजार सुक्या दाण्यांचे वजन २२ ग्रॅम. हिशेब येतो ५२८ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी सुमारे ५३ क्विंटल. भरलेले दाणे शेकडा ६० असतील तर ४० क्विंटलही होत नाहीत. बांधावरून पाहता मात्र दोन्ही शेते सारखीच दिसतात.

उंच रोपाचेही तसेच. जुन्या उंच जाती खत मिळताच लोळत. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘पेटा’ या उंच जातीचा तैवानच्या बुटक्या जातीशी संकर करून १९६६ मध्ये ‘आयआर-८’ ही जात दिली. ती ताठ उभी राहिली. उंच जातींत दाणा व पेंढा यांच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा शेकडा ३० च्या आसपास असे. या जातीत तो ५० च्या जवळ गेला.

पुढे १९८९ मध्ये त्याच संस्थेने फुटवे थोडे पण लोंबी मोठी, असे रोप घडविण्याचे काम हाती घेतले. पहिल्या वाणांत लोंबी मोठी आली, पण दाणे नीट भरले नाहीत व उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी पडले. एक गुण वाढविला की दुसरा घटतो, तो असा.

तेव्हा उचल ठरविण्यापूर्वी, दाणा पक्व झाल्यावर, बांधापासून आत चार-पाच ठिकाणी चौरस मीटर आखून लोंब्या मोजाव्यात. काही लोंब्यांचे दाणे चिमटीत दाबून भरलेले व पळिंज वेगळे करावेत. ही मोजणी शेतकऱ्यासमोरच करावी, म्हणजे ठरलेला आकडा दोघांनाही पटतो.